बुटीबोरीच्या फेऱ्या

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी बुटीबोरीतल्या एका कारखान्यात नोकरीसाठी अर्ज केला. तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. त्या एका जागेच्या मुलाखती संपल्या तेव्हा नागपुरात घरोघरी कुलर लागले होते.

कारखाना सूत आणि कापड रंगवण्याचा. त्यांच्या प्रयोगशाळेत एक केमिस्ट हवा होता. आलेली रसायनं तपासायची, टाकीतल्या रंगाचे नमुने घ्यायचे, कापड धुतल्यावर रंग सुटतो का ते पाहायचं, असं काम. मला ते आवडेल असं वाटलं होतं. पुढे प्रत्येक फेरीत मला विचारलं गेलं की तुम्हाला हीच नोकरी का हवी, आणि प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा जास्त भारदस्त उत्तर दिलं. खरं उत्तर एवढंच होतं की काम माझ्या विषयातलं होतं आणि मला नागपूर सोडायचं नव्हतं.

मी आणि माझी मोठी बहीण तेव्हा इंदोऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. ताई एका खासगी दवाखान्यात नर्स. आईबाबा खाप्याला. बाबा खापा ते सावनेर शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचे, आई घर आणि बायकांचा बचत गट सांभाळायची. ताईच्या ड्युटीच्या पाळ्या आणि माझं कॅम्पसवरचं प्रॅक्टिकल यांत आम्हा दोघींची गाठ बहुतेक स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच पडायची.

विद्यापीठातल्या आमच्या रसायनशास्त्र विभागात भरतीला कंपन्या येत नसत. शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजात भरती होती, तिथं बाहेरच्या मुलांनाही बसू देत होते, म्हणून गेले. पहिली फेरी लेखी. दोन आगगाड्या एकमेकींना किती वेळात ओलांडतील, पाच मित्र गोल टेबलाभोवती कोण कुणाच्या शेजारी बसले आहेत, असे प्रश्न. रसायनशास्त्राचे प्रश्न शेवटच्या पानावर होते आणि तिथवर पोचेपर्यंत वेळ संपत आला. तरी मी पास झाले. ताईनं त्या दिवशी येताना समोसे आणले.

दुसरी फेरी फोनवर होणार होती. कधी, ते सांगितलं नव्हतं.

फोन आला तेव्हा माझा कॉलम चालू होता. कॉलम म्हणजे उभी काचेची नळी, तिच्यात ओली सिलिका भरलेली. वरून द्रावक ओतत राहायचा, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या वेगानं खाली उतरतात आणि आपण ते खाली एकेका परीक्षानळीत धरतो. पथ्य एकच. वरचा द्रावक संपू द्यायचा नाही. नळी कोरडी पडली की सिलिकेला भेगा जातात आणि सगळी मेहनत मातीत जाते. मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला कॉलमकडे बोट दाखवून खूण केली, तिनं मान हलवली, आणि मी फोन घेऊन जिन्यात गेले.

"मॅडम, एच.आर. से बात कर रहा हूँ. पाँच मिनट हैं?"

मी हो म्हटलं. त्यानं स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, साहेबांना जोडतो. फोनमध्ये गाण्याची धून वाजायला लागली आणि वाजतच राहिली. साहेब आले आणि म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. मी परत सगळं सांगितलं. तेवढ्यात त्यांना दुसरा फोन आला, परत धून. जिन्यात नेटवर्क जात होतं म्हणून मी खिडकीशी एका पायावर तोल सांभाळत उभी होते. साहेबांनी मग मला पीएच म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, गुड, आणि फोन बंद झाला.

परत आले तर कॉलम कोरडा. मैत्रीण डबा खायला गेली होती. माझ्या खुणेचा अर्थ तिनं लावला होता की मी जेवायला चालले, तूही ये.

आमच्या गाईड मॅडम नेमक्या त्याच वेळी फिरत फिरत आल्या. बुटकी, शांत बाई. कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटायची. त्यांनी नळीला गेलेल्या भेगा पाहिल्या.

"कुठं होतीस?"

"फोन होता मॅडम. मुलाखतीचा."

"कशी झाली?"

"माहीत नाही मॅडम."

"बरं. हा पदार्थ परत बनवावा लागेल, हे माहीत आहे ना?"

मी मान हलवली. त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. तो पदार्थ बनवण्यात माझा डिसेंबरचा पहिला पंधरवडा गेला होता. दुसरा पंधरवडाही त्यातच गेला.

बुटीबोरीला बोलावणं आलं ते संक्रांतीनंतर. इंदोऱ्याहून मेट्रोनं थेट खापरीपर्यंत जायचं, तिथून बस, आणि बुटीबोरीच्या चौकातून कारखान्याच्या गेटपर्यंत ऑटो. ताईचा इस्त्रीचा कुर्ता घालून गेले. गेटवर फोन जमा करून घेतला, डोक्यावर पिवळं हेल्मेट दिलं आणि आम्हा उमेदवारांना ओळीनं प्रयोगशाळेत नेलं. आम्ही सहा-सात जण होतो. सगळ्यांना हेल्मेटं मोठी होत होती, त्यामुळे बोलताना प्रत्येक जण एका हातानं ते मागं सारत होता.

आत पस्तिशीचा एक माणूस पांढऱ्या ॲप्रनमध्ये सगळी मांडणी करत होता. प्रत्येक टेबलावर ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मोजनळी, लावली, पेरॉक्साइडचा नमुना ठेवला, परमँगनेटचं जांभळं द्रावण भरून ठेवलं. "ॲसिड तिकडं आहे. गॉगल लावल्याबगर हात नका लावू," म्हणाला. एका मुलानं त्याला, काका, पिपेट कुठं, असं विचारलं, त्यानं काढून दिली. तो इथला सहायक असावा असं आम्ही धरून चाललो. मग एच.आर.चा मुलगा आला, नावं वाचायला लागला, आणि शेवटच्या नावाला तो माणूस "हजर" म्हणाला आणि सगळ्यात मागच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

ते काका म्हणणारं पोरगं पुरतं गोंधळलं. "तुम्हीपण?"

"हो. मीपण," तो म्हणाला.

मग त्यानं एच.आर.ला सांगितलं की हे द्रावण मीच बनवलं आहे, मले त्याचं उत्तर आधीच माहीत आहे, मले दुसरा नमुना द्या. एच.आर.च्या मुलाला त्यातलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "सबको सेम टेस्ट देना है, पॉलिसी है." तेव्हा त्यानं मान खाली घालून तोच टायट्रेशनचा प्रयोग सावकाश केला, आणि आम्ही सगळ्यांनी केला. माझं उत्तर ठीक आलं. गुलाबी छटा टिकली त्या पहिल्याच थेंबाला मी तोटी बंद केली.

नंतर एकेकाला आत बोलावलं. आत प्रयोगशाळेचे मॅनेजर आणि आणखी एक जण होते. प्रश्न आधी चांगले होते. पाण्यात क्षार जास्त असले तर रंग का एकसारखा बसत नाही, नमुना टाकीच्या वरून घ्यायचा की तळातून. मी मोकळेपणानं बोलायला लागले होते. तेवढ्यात दुसऱ्यानं विचारलं, "रात्रपाळी करणार का?"

"हो सर. बस असली तर."

"घरचे सोडतील?"

"माझी बहीण रात्रपाळी करते सर."

"आणि लग्नाचं काय? आम्ही शिकवायचं आणि तुम्ही सहा महिन्यांत लग्न करून पुण्याला."

मी म्हटलं, सध्या तसं काही नाही. मॅनेजरनं कागदाकडे पाहिलं. त्यांना तो प्रश्न आवडला नसावा. बाहेर आल्यावर मी इतर मुलांना विचारलं, लग्नाचं विचारलं का? कुणालाच विचारलं नव्हतं.

जेवायला कॅन्टीनचं कूपन दिलं होतं. तो ॲप्रनवाला माणूस माझ्यासमोर ताट घेऊन बसला. पारशिवनीकडच्या एका खेड्यातला, बी.एस्सी. झालेला. त्या प्रयोगशाळेत तो ठेकेदाराच्या हजेरीवर काम करत होता, कित्येक वर्षं. जागा निघाली की त्याला अर्ज करायला सांगत, मुलाखतीला बसवत, आणि मग योग्य उमेदवार मिळाला नाही म्हणून जागा बंद करत. तो परत ठेकेदाराकडून त्याच टेबलाशी.

"मग तुम्ही मुलाखत देता काहून?" मी विचारलं. त्याच्या बोलण्यानं माझंही खाप्याचं बोलणं वर आलं होतं.

"नाई देलं तर म्हणतील, याले इंट्रेस्टच नाई." त्यानं वरण भातात कालवलं. "तुमचं टायट्रेशन चांगलं होतं पण. मी पाहून राहिलो होतो."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. म्हणून मला जास्त अवघड वाटलं. निघताना त्यानं माझा नंबर घेतला. आतलं काही कळलं तर सांगतो, म्हणाला.

घरी ताईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मंग ते जागा त्याची हाये का तुही?"

"कोणाचीच नाही अजून."

"तर तू काहून तोंड पाडून बसली वं? जेव."

चौथी फेरी सादरीकरणाची होती. विषय त्यांनीच दिला: जड पाण्यामुळे कापडावर पडणारे रंगाचे डाग आणि त्यावर उपाय. मी त्यासाठी मनापासून राबले. खरं तर त्या सगळ्या महिन्यांतलं तेवढंच काम मला आनंदाचं वाटलं. बुटीबोरीच्या बोअरचं पाणी मिळवलं, त्यात कापडाच्या पट्ट्या रंगवल्या, फोटो काढले. गाईड मॅडमनी एक दिवस संध्याकाळी त्यांच्या खोलीत बसवून घेतलं आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर "कशावरून?" असं विचारत राहिल्या. तोवर त्या माझ्या मुलाखतींवर नाराज आहेत असंच मी समजत होते. निघताना म्हणाल्या, "पट्ट्यांचे फोटो उजेडात परत काढ."

सादरीकरण व्हिडिओवर होणार होतं. आदल्या दिवशी एच.आर.चा फोन, पुढं ढकललं. परत तारीख, परत पुढं. शेवटी नेमकी माझ्या विभागातल्या सेमिनारची तारीख दिली. त्या सेमिनारला गुण होते. मी दिवस बदलून मागितला तर तो म्हणाला, "मॅडम, पॅनल बडी मुश्किल से मिला है." मी मॅडमकडे गेले. त्यांनी माझा नंबर पहिला होता तो शेवटी टाकला आणि वर्गाला कारण सांगितलं नाही.

विभागाच्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत लॅपटॉप लावून बसले. पडद्यावर तीन चौकोन. दोन काळे होते, तिसऱ्यात एक गृहस्थ गाडीत मागच्या सीटवर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून झाडांच्या सावल्या सरकत होत्या. मी सुरुवात केली. पट्ट्यांच्या फोटोपर्यंत पोचले तेव्हा ते म्हणाले, "ठीक है, भेज दीजिए, देख लेंगे." तिघेही गेले. मी पडद्यावर माझाच चेहरा बघत थोडा वेळ बसले, मग धावत सेमिनारला गेले. तिथं मी बरी बोलले नाही. मॅडमनी गुण नियमाप्रमाणे दिले, म्हणजे कमी दिले, आणि ते बरोबरच होतं.

यानंतर शांतता. होळी झाली. माझा प्रबंध लिहायचा होता, शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर होती, आणि मी दर थोड्या वेळानं मेल उघडून बघत होते. लिहायला बसले की वाटायचं, आत्ता फोन येईल. फोन शेजारी ठेवला की लिहिणं व्हायचं नाही, लांब ठेवला की उठून बघायला जायची. मी दोनदा विचारणा केली. उत्तर एकच आलं, प्रक्रिया सुरू आहे.

बाबांचा रविवारी फोन असायचा.

"काय म्हणते तुही कंपनी?"

"प्रोसेस सुरू आहे बाबा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे थांबा."

"अस्सं सांग ना मंग," बाबा म्हणाले. "बरं, जयभीम. तब्येत सांभाळ. आईशी बोल."

आईनं मात्र बचत गटात सांगून टाकलं होतं की धाकटीचं कंपनीत झाल्यात जमा आहे.

शेवटची फेरी प्लांट हेडबरोबर होती. एप्रिलचं ऊन. गेले, हेल्मेट घातलं, रिसेप्शनवर बसले. प्लांटमध्ये ऑडिट आलं होतं. दुपारी सांगितलं, थोडा वेळ. चहा दिला. परत थोडा वेळ. पाळी सुटली, बायामाणसं पंचिंगच्या रांगेत उभी राहिली, त्यांच्यातून तो ॲप्रनवाला गेला. मला बघून थांबला.

"अजून नाई झालं?"

"नाही."

"आज नाई होत आता. तुम्ही निघा, बस भेटणार नाई." आणि तो म्हणाला तसंच झालं. थोड्या वेळानं एच.आर.च्या मुलानं येऊन सांगितलं की दुसरा दिवस कळवतो.

दुसऱ्या वेळी प्लांट हेड भेटले. थंडगार केबिन, मागं काचेतून सुताच्या रंगीत गुंड्या दिसत होत्या. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता, पण ते तो पहिल्यांदाच बघत होते हे स्पष्ट दिसत होतं. गाव कोणतं, विचारलं. खापा. आडनाव परत विचारलं, मूळचे कुठले, विचारलं. विदर्भात हे प्रश्न कुठं जातात ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. मी सरळ उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली आणि पुढं गेले.

"तुम्ही एम.एस्सी. करताय. या जागेला बी.एस्सी. पुरे. एम.एस्सी.वाले टिकत नाहीत."

मी म्हटलं, मला इथं काम करायचं आहे, मी टिकेन.

त्यांनी पान उलटलं. "पण फायनल मार्कशीट नाही. एम.एस्सी. पूर्ण नाही तुमची. क्वालिफिकेशन इनकम्प्लीट आहे."

मी शेजारी बसलेल्या एच.आर.च्या मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मला त्या क्षणी राग आला, पण आवाज साधाच निघाला. मी म्हटलं, "सर, माझी एम.एस्सी. जास्त आहे की कमी आहे, ते एकदा ठरलं तर मला उत्तर देता येईल."

त्यांनी अर्ज मिटून बाजूला ठेवला. मग ते थोडे हसले. "कळवतो," म्हणाले.

बसमध्ये मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली होती. खापरीला उतरून मी दोन केळी खाल्ली आणि मेट्रोत बसल्या बसल्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा शेवट मनात जुळवून टाकला. तो बरेच दिवस अडला होता. ही नोकरी मिळत नाही असं मी त्या दिवशी धरलं, आणि पुढचे काही दिवस माझं लिखाण सुरळीत झालं.

आणि मग मे महिन्यात फोन आला. "काँग्रॅच्युलेशन्स मॅडम. आपका सिलेक्शन हो गया. सोमवार से जॉइनिंग."

मी ताईला मिठी मारली. आईला फोन केला. आईनं शेजारी हाक मारून सांगितलेलं मला फोनमधून ऐकू आलं. मग मी भानावर येऊन परत एच.आर.ला फोन लावला. परीक्षा झाली होती, प्रबंध बांधायला दिला होता, पण तोंडी परीक्षा त्याच महिन्यात होती. बाहेरचे परीक्षक येणार, तारीख विद्यापीठाची. मी म्हटलं, सोमवारी येते. फक्त तोंडी परीक्षेचा एक दिवस सुटी द्या.

"मॅडम, प्रोबेशन में छुट्टी नहीं मिलती. पहले तीन महीने तो बिल्कुल नहीं."

"एक दिवस. त्याचे पैसे कापा."

"पैसों की बात नहीं है, पॉलिसी है."

मी म्हटलं, मॅनेजर साहेबांशी बोलू द्या. तो म्हणाला, विचारून सांगतो. संध्याकाळी त्याचाच फोन आला. नाही म्हणाले.

घरी त्या दिवशी खूप बोलणं झालं. ताईचं म्हणणं सोपं होतं. "बिमार पड ना त्या दिवशी. बिमार पडायले काय लागते? आमच्या दवाखान्यात रोज लोक पडून राहिले."

"नव्या जागी, पहिल्याच महिन्यात?"

"मंग तोंडी सोड."

"सोडली तर अख्खं वर्ष जाते ताई."

ताई उठून भांडी लावायला लागली. तिनं नर्सच्या पगारातून माझी फी भरली होती, आणि ती हे कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. आईला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "एवढ्या चकरा मारल्या त्या कायले मंग?" आणि फोन बाबांना दिला. बाबा म्हणाले, "शिकून राहिली ते आधी पुरं कर. बाकीचं पाहू." त्यानंतर आई काही दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

मी मॅडमकडेही गेले. वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ नकोस. त्या म्हणाल्या, "मी तारीख बदलू शकत नाही. परीक्षकांना विचारून पाहिलं, त्यांनाही जमत नाही. नोकरी सोड असं मी तुला सांगणार नाही. मला पगार आहे, तुला नाही." मग म्हणाल्या, "पण जे लोक एक दिवस देत नाहीत, ते पुढं काय काय देणार नाहीत, याचा विचार कर."

शनिवारी मी एच.आर.ला कळवलं की तोंडी परीक्षेनंतर लगेच येऊ शकते, त्याआधी नाही. उत्तर आलं, भावी वाटचालीस शुभेच्छा. एवढंच.

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या त्या दोनदा बनवलेल्या पदार्थाबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं, आणि दोनदा बनवलेला असल्यामुळे त्यातलं मी काहीही विसरले नव्हते. मॅडमनी बाहेर येऊन पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी त्या ॲप्रनवाल्या माणसाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच संथ.

"मॅडम, मले कंपनीच्या रोलवर घेतलं. ज्युनिअर म्हणून. तुम्ही नाई म्हणून देलं, दुसरं कोणी लवकर भेटलं नाई, ऑडिटवाल्यानं जागा भरा म्हणून सांगतलं."

"अभिनंदन. फार चांगलं झालं."

"तुम्हाले वाईट नाई ना वाटलं? मी इचार करून राहिलो होतो, फोन करू का नको."

मी म्हटलं, नाही वाटलं. ते अर्धं खरं होतं. फोन ठेवल्यावर मी ताईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पाह्य, तुह्यामुळं एकाचं भलं झालं." मला तसं मानून घ्यायला आवडलं असतं. पण मी नकार दिला तेव्हा त्याचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, एका दिवसाचा होता. त्याला जागा मिळाली याचा आनंद झाला आणि ती माझी गेली याची चुटपुट लागली, दोन्ही एकदमच. आणि तो इतकी वर्षं करत होता तेच काम त्याला आता ज्युनिअर म्हणून मिळालं, याचा राग तिसराच.

मध्यंतरी कंपनीचा मेसेज आला. तुमचा मुलाखतीचा अनुभव कसा होता, एक ते पाच तारे द्या. मी जेवत होते. ताईनं फोन उचलून वाचला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. तारे आम्ही दिले नाहीत.

जून-जुलैत मी एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. मग हिंगण्याकडे पाणी आणि अन्नाचे नमुने तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथं जागा असल्याचं मॅडमनी सांगितलं. गेले. प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईंनी बसायलाही सांगितलं नाही, सरळ टेबलाशी नेलं आणि एक नमुना हातात दिला. "करा बरं." मी केला. त्यांनी माझं उत्तर त्यांच्या उत्तराशी ताडून पाहिलं, चहा मागवला, पगार सांगितला, तो बुटीबोरीपेक्षा कमी होता, आणि विचारलं, कधीपासून येता?

मी म्हटलं, "मॅडम, पुढची फेरी कधी असेल?"

"कसली फेरी?"

"मुलाखतीची."

"ही काय होती मग?" त्या म्हणाल्या. "उद्या या. येताना डबा आणा, इथं जवळपास काही चांगलं मिळत नाही."

मी घरी येऊन आधी आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पक्कं का? आता सांगू का मी गटात?"

मी म्हटलं, एक महिना थांब. ती थांबली. पहिला पगार झाला त्या रविवारी मी खाप्याला गेले तेव्हा गटातल्या दोघीतिघी अंगणात बसलेल्या होत्या, आणि आई त्यांना सांगत होती की पोरगी पाणी तपासते, त्यात काय काय असते ते तिले दिसते. मी तिला दुरुस्त केलं नाही. आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.